चोर सोडून संन्याशाला

उत्तर अमेरिकेत घरामागच्या परसात भाजी लावायची, तर ती हल्ली सरळ जमिनीत लावण्याऐवजी उंच वाफ्यात लावतात. जाड फळ्यांची तळ नसलेली चौकट जमिनीवर मांडायची, तिच्यात माती आणि शेणखत भरायचे आणि वर टोमॅटो, गाजर, लेट्यूस, ही पद्धत गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत चांगलीच रुळली आहे. या चौकटीसाठी सर्वांत मानाची फळी सीडरची. तिला रंग नको, औषध नको, नुसती कापून आणली की झाले. तरीही ती विकत घेणाऱ्याच्या मनात एक शंका हमखास येते: हिच्यातले काही मातीत उतरून भाजीत तर जाणार नाही ना? शंका वावगी नाही, पण थोडी चमत्कारिक आहे. ज्या लाकडाच्या पेट्यांत माणसांनी पिढ्यान् पिढ्या अन्न शिजवले, त्याला आज भाजीशेजारी उभे राहण्यासाठी चारित्र्याचा दाखला मागितला जातो आहे. माझ्या मते या संशयाचे मूळ सीडरमध्ये सापडत नाही. ते सापडते आर्सेनिक मुरवलेल्या साध्या पाइनच्या फळीत, आणि तिची कृती तयार झाली १९३३ साली, देहरादूनला. भीती त्या फळीने निर्माण केली आणि झडती मात्र सीडरची चालू आहे. सीडरच्या खात्यावर एक खरा गुन्हा आहे, पण त्याची फिर्याद भाजी खाणाऱ्याची नाही.

हे झाड म्हणजे पश्चिमी तांबडा सीडर, शास्त्रीय नावाने थुजा प्लिकाटा. अलास्काच्या दक्षिण भागापासून ब्रिटिश कोलंबिया, वॉशिंग्टन आणि ओरेगन ओलांडून उत्तर कॅलिफोर्नियापर्यंतच्या पावसाळी पट्ट्यात ते वाढते. लेबनॉनचा सीडर आणि हिमालयातला देवदार ही खरी सीडर मंडळी, त्यांच्याशी याचे नाते लांबचे. आपल्याकडे बंगल्याच्या दारात लावतात ती मोरपंखी मात्र याच्या जवळच्या गोतातली. या किनाऱ्यावरच्या हैदा, त्लिंगित, माका आदी लोकांचे सगळे जगणे या झाडावर उभे होते. घरे त्याच्या फळ्यांची, होड्या त्याच्या खोडातून कोरलेल्या, वस्त्रे आणि दोर त्याच्या अंतर्सालीचे. कधी कधी तर झाड न पाडता, उभ्या खोडात पाचरी ठोकून फळी उकलून घेत आणि झाड पुढे वाढत राही. पण आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने सर्वांत बोलकी वस्तू म्हणजे त्यांची वाकवलेली पेटी. एकच लांब फळी घ्यायची. जिथे कोपरे यायचे तिथे तीन आडव्या खाचा पाडायच्या. त्या जागी वाफ देऊन लाकूड मऊ करायचे आणि फळी तीनदा दुमडून चौकोन करायचा. चौथा कोपरा लाकडी खुंट्यांनी किंवा स्प्रूसच्या मुळांनी शिवून टाकायचा आणि तळाची फळी इतकी घट्ट बसवायची की पाण्याचा थेंब गळू नये. या पेटीत पाणी आणि मासे घालून, आगीत लाल केलेले दगड लाकडी चिमट्याने एकामागून एक आत सोडले की पाणी उकळू लागे. सुकवलेले मासे, बेरी, माशांचे तेल, सारे अशाच पेट्यांत साठवले जाई. वॉशिंग्टनच्या किनाऱ्यावर ओझेट नावाचे माका लोकांचे गाव काही शतकांपूर्वी दरड कोसळून चिखलाखाली गाडले गेले. १९७० साली वादळाने तो किनारा खचला आणि पुढे ११ वर्षे तिथे उत्खनन चालले. ओल्या चिखलात हवा न पोचल्यामुळे टिकून राहिलेल्या पन्नास हजारांहून अधिक वस्तू तिथे मिळाल्या. त्यांत घरांच्या फळ्यांबरोबर या पेट्याही होत्या. नीआ बे इथल्या माकांच्या संग्रहालयात त्या आजही पाहायला मिळतात.

परंपरेची ही साक्ष मोठी आहे, पण तिच्यावरच निकाल देऊन मोकळे होता येत नाही. रोमन लोक शिशाच्या भांड्यांत द्राक्षाचा रस आटवत, तेही पिढ्यान् पिढ्या, आणि ते त्यांना बाधतच होते. एखादी गोष्ट खूप लोकांनी खूप काळ केली एवढ्यावरून तिचे निरुपद्रवीपण सिद्ध होत नाही. सावकाश भिनणारे विष तर परंपरेच्या नजरेतून सहज सुटते. शिवाय या किनाऱ्यावरच्या लोकांनाही सीडर आपले काहीतरी अन्नात सोडतो हे ठाऊक होते. जेवण वाढायची वाडगी ते पुष्कळदा अल्डरची करत, कारण अल्डर अन्नाला चव लावत नाही. म्हणजे सीडरमधून काहीच बाहेर येत नाही, असे त्याच्या सर्वांत जुन्या जाणकारांचेही म्हणणे नव्हते. तेव्हा प्रश्न विचारायचा तो असा: जे बाहेर येते ते काय आहे, किती आहे आणि मातीत गेल्यावर त्याचे पुढे काय होते?

ज्याला हे डोळ्यांनी पाहायचे असेल, त्याने सीडरच्या फळीत साधा लोखंडी खिळा ठोकून ती एक पावसाळा बाहेर ठेवावी. खिळ्याच्या डोक्याखालून निळसर-काळा ओघळ उतरलेला दिसेल. लाकडातली काही द्रव्ये पाण्यात विरघळून लोखंडाशी बांधली जातात, त्याचा हा रंग. म्हणूनच सीडरला स्टेनलेस किंवा चांगल्या गॅल्व्हनाइझ केलेल्या खिळ्यांशिवाय हात लावू नये, असे सुतार सांगतात. ही द्रव्ये कोणती, हे विसाव्या शतकात कळत गेले. तैवानमध्ये काम करणाऱ्या तेत्सुओ नोझोए या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १९३६ साली तिथल्या हिनोकी झाडातून हिनोकिटिओल नावाचे द्रव्य वेगळे केले. स्वीडनमध्ये होल्गर एर्टमान आणि त्याचा सहकारी यार्ल ग्रिपेनबर्ग यांनी १९४८ साली थुजा प्लिकाटाच्या गाभ्यातली बुरशीनाशक द्रव्ये ओळखली. ती त्याच कुळातली निघाली, आणि त्यांना आज थुजाप्लिसिन म्हणतात. ही द्रव्ये झाडाच्या गाभ्यात, म्हणजे तांबूस-तपकिरी भागात असतात. सालीलगतच्या फिकट थरात ती जवळजवळ नसतात, म्हणून तो थर कुठल्याही स्वस्त लाकडाइतक्याच लवकर कुजतो. थोडक्यात, सीडर न कुजण्याचे कारण त्याच्या अंगातले विष आहे. ते बुरशीसाठी आहे आणि झाडाने स्वतः बनवलेले आहे, एवढेच.

इथे सीडरचे वकील एक आळशी युक्तिवाद करतात: हे नैसर्गिक आहे, म्हणून सुरक्षित आहे. हा युक्तिवाद फेकून द्यावा. आर्सेनिकही नैसर्गिकच आहे, आणि कण्हेरही. उलट बाजूचे पुरावे आधी मोकळेपणाने मांडावेत. ब्रिटिश कोलंबियात जिथे सीडरच्या ओंडक्यांचे आणि भुशाचे मोठे ढीग पडून असतात, तिथून पावसात वाहणारे पाणी माशांना बाधते, आणि त्यासाठी थुजाप्लिसिन आणि तत्सम द्रव्यांकडे बोट दाखवले गेले आहे. अमेरिकेत १९६७ साली एलियट व्हेसेल यांनी दाखवून दिले की पिंजऱ्यात तांबड्या सीडरचा भुसा अंथरला, की उंदरांच्या यकृतातली औषधे पचवणारी विकरे वाढतात, आणि गुंगीच्या औषधाने त्यांना येणारी झोप कमी होते. तो भुसा बहुधा वेगळ्या झाडाचा, पूर्वेकडच्या जुनिपरचा असतो, हे खरे. पण सुगंधी लाकूड शरीरावर काही परिणाम करूच शकत नाही, हे म्हणणे या प्रयोगाने निकालात निघाले. ताज्या भुशाच्या अर्कात बी रुजायला त्रास होतो, असेही दिसले आहे.

हे तिन्ही पुरावे खरे मानूनही फळीवरचा आरोप सिद्ध होत नाही, आणि त्याचे कारण प्रमाण आणि पृष्ठभागात आहे. भुशाचा ढीग म्हणजे लाकडाची असंख्य उघडी तोंडे, तर फळीची एकच बाजू मातीला लागते. उंदीर बंद पिंजऱ्यात दिवसरात्र तो वास हुंगत, भुसा चावत, त्यातच झोपत होता. टोमॅटोचे मूळ फळीपासून वीतभर दूर, उघड्या हवेखाली, जिवाणूंनी भरलेल्या मातीत असते. थुजाप्लिसिन हे कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचे संयुग आहे. पावसाने ते थोडे थोडे धुपते, मातीतले जीव त्याला फोडतात आणि त्याचे तुकडे साध्या सेंद्रिय पदार्थांत मिसळून जातात. ते मातीत वर्षानुवर्षे साचत नाही, आणि मुळांनी शोषून फळात भरून ठेवावे असेही ते द्रव्य नाही. उकळत्या पाण्याच्या पेटीत जेवढे उतरत असेल, त्याच्या तुलनेत हे काहीच नव्हे. परंपरेची साक्ष इथे उपयोगी पडते: एकटीच्या बळावर नव्हे, तर रसायनशास्त्र जे सांगते त्याला दुजोरा म्हणून.

मग भीती आली कुठून? त्यासाठी रेल्वेकडे वळावे लागते. लाकूड टिकवण्याचे आधुनिक शास्त्र जन्मले ते विलायतेत, १८३०च्या दशकात. जॉन हॉवर्ड कायन यांनी १८३२ साली पाऱ्याचे क्षार वापरले. १८३८ साली विल्यम बर्नेट यांनी जस्ताच्या क्षाराची कृती काढली, आणि त्याच वर्षी जॉन बेथेल यांनी बंद टाकीत दाब देऊन लाकडात क्रिओसोट, म्हणजे कोळशाच्या डांबराचे तेल, मुरवण्याचे पेटंट घेतले. जगभर रूळ टाकले जात होते आणि प्रत्येक मैलाला हजारो लाकडी स्लीपर लागत होते. त्यामुळे बेथेलची पद्धत टिकली. हिंदुस्थानात १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी सुरू झाली. रूळ पसरत गेले तसा इथल्या लाकडाचा प्रश्न विलायतेपेक्षा बिकट आहे, हे दिसून आले. तिकडे शत्रू बुरशी, इकडे बुरशी आणि वाळवी दोन्ही. साग, साल आणि उत्तरेत देवदार ही तग धरणारी झाडे, पण त्यांच्यावर भार इतका पडला की हिमालयातले देवदार नद्यांतून ओंडके वाहवत मैदानात आणावे लागले. चीड आणि इतर हलक्या लाकडांना टिकाऊ करता आले, तर जंगलेही वाचतील आणि पैसाही, हे उघड होते. १९०६ साली स्थापन झालेल्या देहरादूनच्या वन संशोधन संस्थेपुढे हा प्रश्न अगदी व्यावहारिक स्वरूपात उभा होता.

त्याचे उत्तर सोंटी कामेशम् यांनी १९३३ साली दिले. त्यांनी तांबे, आर्सेनिक आणि क्रोमियम यांचे मिश्रण पाण्यात विरघळवून दाबाने लाकडात घातले. तांबे बुरशीला मारते. तांब्याला न जुमानणाऱ्या बुरशीला आणि वाळवीला आर्सेनिक मारते. खरी करामत क्रोमियमची: लाकडात शिरल्यावर त्याचे रूप बदलते आणि ते उरलेल्या दोघांना लाकडाच्या धाग्यांशी जखडून टाकते. त्याआधीची पाण्यात विरघळणारी औषधे पावसात धुऊन जात, हे औषध जागचे हलत नव्हते. तांबे आणि आर्सेनिक यांच्या रासायनिक खुणा जोडून त्याचे व्यापारी नाव अ‍ॅस्कू पडले, अमेरिकेने १९३८ साली त्याचे पेटंट दिले आणि पुढे ते जगभर सीसीए या आद्याक्षरांनी ओळखले जाऊ लागले. क्रिओसोटसारखा त्याला वास नाही, हाताला ते काळे लागत नाही, वरून रंग देता येतो. दिसायला फक्त हिरवट छटा. भारतीय प्रयोगशाळेतून निघून जगाच्या बांधकामात इतक्या खोलवर शिरलेला दुसरा शोध शोधायला बराच विचार करावा लागेल, आणि तरी कामेशम् हे नाव आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे.

तारेच्या खांबांपासून सुरुवात झालेले हे औषध १९७०च्या दशकापासून अमेरिकेत घरोघरी पोचले. दक्षिणेकडचा स्वस्त पाइन सीसीए पाजला की जमिनीत पुरूनही दशकानुदशके टिके. अंगणातले डेक, कुंपणे, मुलांचे झोपाळे आणि घसरगुंड्या त्याच्याच होऊ लागल्या. नेमक्या याच काळात उंच वाफ्यांची लाट आली. अ‍ॅलन चॅडविक या इंग्रज माळ्याने १९६७ साली सांताक्रूझच्या विद्यापीठात फ्रेंच धर्तीचे दाट वाफे लावून दाखवले होते. १९८१ साली आलेल्या मेल बार्थोलोम्यू यांच्या ‘स्क्वेअर फुट गार्डनिंग’ या पुस्तकाने चौकटीतली बाग मध्यमवर्गाच्या आटोक्यात आणली. चौकट म्हणजे फळ्या, आणि दुकानात सर्वांत स्वस्त व टिकाऊ फळी हिरवट रंगाची. म्हणजे आर्सेनिक थेट गाजराशेजारी येऊन बसले. किती, याचा हिशेब घालून पाहण्यासारखा आहे. जमिनीला टेकणाऱ्या लाकडात दर घनमीटरला साधारण ६.४ किलो औषध मुरवत, आणि नेहमीच्या मिश्रणात आर्सेनिकच्या ऑक्साइडचा वाटा ३४ टक्के. आठ फूट लांब, चार फूट रुंद, जवळजवळ फूटभर उंच आणि दीड इंच जाड फळ्यांची चौकट घेतली आणि औषध पूर्ण मुरले असे धरले, तर त्या एका वाफ्याभोवती निव्वळ आर्सेनिक सुमारे ११० ग्रॅम. माणसाचा जीव जायला ग्रॅमचा छोटासा अंश पुरतो.

अर्थात ते जखडलेले आहे, असा बचाव तेव्हा केला जाई, आणि तो निराधार नव्हता. पण जखडलेले म्हणजे कायमचे कैद नव्हे. कनेक्टिकटच्या कृषी प्रयोग केंद्राने १९९७ साली अशा डेकखालची माती तपासून प्रसिद्ध केली. आसपासच्या मातीत किलोमागे सरासरी ३.७ मिलिग्रॅम आर्सेनिक होते, डेकखाली सरासरी ७६. वाफ्यांवरच्या अभ्यासांतही फळीला चिकटलेल्या मातीत आर्सेनिक वाढलेले, काही सेंटिमीटरवर ते झपाट्याने उतरलेले आणि फळीलगतच्या भाज्यांत थोडे अधिक, असे चित्र दिसले. झोपाळ्यांवर खेळणाऱ्या मुलांच्या तळहातांचा प्रश्न पुढे आला तेव्हा उत्पादकांना माघार घ्यावी लागली. अमेरिकी पर्यावरण खात्याशी झालेल्या समझोत्यानुसार ३१ डिसेंबर २००३ नंतर घरगुती वापराच्या बहुतेक लाकडासाठी सीसीए बंद झाले. युरोपनेही त्याच सुमारास निर्बंध आणले. त्याच्या जागी तांब्यावर आधारलेली, आर्सेनिक नसलेली औषधे आली.

सीसीएच्या बाजूने बोलणाऱ्यांचे ऐकून घेतले पाहिजे, कारण त्यांचे मुद्दे पोकळ नाहीत. या औषधाने कोट्यवधी झाडे वाचवली, कारण एकदा रोवलेला खांब पुन्हा पुन्हा बदलावा लागला नाही. भाजीतले वाढीव आर्सेनिक बहुतेक वेळा अल्प होते. अमेरिकेच्या मातीत आर्सेनिक घातले ते फक्त फळ्यांनी नव्हे. सफरचंदाच्या बागांवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून लेड आर्सेनेट फवारले गेले आणि त्यावर पूर्ण बंदी यायला १९८८ साल उजाडले. जुन्या बागेच्या जागी घर बांधणाऱ्याला फळीपेक्षा पायाखालच्या मातीची काळजी जास्त हवी. हे सगळे कबूल. तरी एक फरक उरतोच. आर्सेनिक हे मूलद्रव्य आहे, त्याला कुठलाही जिवाणू फोडू शकत नाही. ते रूप बदलते, जागा बदलते, पण हिशेबातून जात नाही. थुजाप्लिसिनचे खाते मातीत काही काळाने बंद होते, आर्सेनिकचे उघडेच राहते. ज्या गुणासाठी सीसीए नावाजले गेले तोच गुण, हटवादी टिकाऊपणा, भाजीच्या वाफ्यात दोष ठरला. आणि सीडरचा जो दोष मानला जातो, की त्याचे औषध हळूहळू धुऊन जाते, तो इथे त्याच्या बाजूने उभा राहतो. लाकूड टिकणे आणि लाकूड निरुपद्रवी असणे या दोन गोष्टी एकमेकींना खेचत असतात. सीडर त्या ओढाताणीत मध्ये कुठेतरी उभा आहे, आणि भाजीला ती जागा परवडते.

२००३नंतर लोकांच्या मनात मात्र फरक राहिला नाही. फळी म्हटली की आर्सेनिक आठवू लागले, आणि औषध न पाजलेल्या सीडरवरही तोच प्रश्न येऊन आदळला. त्यात गंमत अशी, की जी फळी खरोखर तपासायला हवी ती संशयातून सुटते. रेल्वेचे जुने, क्रिओसोट मुरलेले स्लीपर इंग्लंड-अमेरिकेत बागेच्या कडेला हौसेने लावतात, ‘जुने लाकूड, आता त्यात काय उरले असणार’ असे म्हणत. उन्हाळ्यात त्यांतून डांबर पाझरताना दिसते, आणि क्रिओसोटमधली कित्येक द्रव्ये कर्करोगाशी जोडली गेली आहेत.

सीडरचा स्वतःचा गुन्हा आता पाहू. १८८०नंतर वॉशिंग्टन राज्यात रेल्वे पोचली आणि सीडरच्या छपरी फळकुट्यांचा, शिंगलचा, प्रचंड धंदा उभा राहिला. या गिरण्यांत कामगार एका हाताने ठोकळा फिरत्या करवतीवर सरकवत आणि दुसऱ्या हाताने सुटलेली फळकुटी उचलत. वेग असा, की जुन्या कामगाराच्या हातावर सगळी बोटे शाबूत असणे अपवादाचे. एव्हरेट शहरातल्या शिंगल कामगारांच्या संपातून ५ नोव्हेंबर १९१६ रोजी धक्क्यावर गोळीबार झाला आणि किमान सात माणसे मेली. बोटे गेलेली दिसत. दिसत नसे ते छातीत जाणारे. सीडरचा भुसा बारीक असतो, त्यात प्लिकॅटिक आम्ल नावाचे द्रव्य भरपूर असते, आणि काही कामगारांना त्याने कायमचा दमा जडतो. व्हँकुव्हरच्या विद्यापीठात मोइरा चान-यंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकापासून याचा चिकाटीने पाठपुरावा केला. भुशात काम करणाऱ्या शंभरांतल्या साधारण चार-पाच जणांना हा दमा होतो, झटका पुष्कळदा कामावरून घरी गेल्यावर रात्री येतो, आणि रुग्णांपैकी निम्म्याहून अधिकांचा आजार गिरणी सोडल्यावरही जात नाही, हे त्यांच्या कामातून पुढे आले. रात्रीच्या खोकल्याचा दिवसाच्या करवतीशी संबंध जोडायला इतकी वर्षे लागली, याचे एक कारण हा उशिराचा झटका. दुसरे कारण उघड आहे: फळी विकत घेणाऱ्याच्या सुरक्षिततेची चौकशी करायला गिऱ्हाईक असते, कापणाऱ्याच्या सुरक्षिततेची चौकशी करायला कोणी नसे.

‘सीडर सुरक्षित आहे का’ या प्रश्नाला जे सरसकट होय म्हणतात, त्यांच्याशी माझा वाद इथे आहे. भाजी खाणाऱ्याला, होय. वाफा करणाऱ्या हौशी माणसाला दोन फळ्या कापण्यापुरते तोंडावर मास्क बांधले तर होय. दिवसभर तोच भुसा श्वासात घेणाऱ्याला, भुसा ओढून घेणारी यंत्रणा नसेल तर नाही. एकाच लाकडाबद्दल ही तिन्ही उत्तरे खरी आहेत. लाकूड तेच, फरक फक्त त्यातले द्रव्य मातीत पोचते की फुप्फुसात, याचा.

टिकाऊपणाबद्दलही एक सावधगिरी हवी. सीडरची कीर्ती झाली ती शेकडो वर्षांच्या जुन्या झाडांमुळे. आज बाजारात येणारी बरीच फळी पुन्हा लावलेल्या, लवकर तोडलेल्या झाडांची असते, तिच्यात गाभा कमी आणि बुरशीनाशक द्रव्येही बहुधा कमी. विल्यम लॉब यांनी १८५३ साली या झाडाचे बी इंग्लंडला नेले, आणि तिथे वाढलेल्या सीडरला युरोपच्या मानकांत अमेरिकेत वाढलेल्यापेक्षा एक पायरी खालचा टिकाऊपणा दिला जातो. झाड तेच, जात तीच. म्हणून दुकानात फळी निवडताना जिच्या कडेला फिकट पट्टा असेल ती बाजूला ठेवावी. तो पट्टा काहीच वर्षांत मातीत मऊ पडतो. काही माळी फळीच्या आतून प्लॅस्टिक लावतात. भाजीसाठी त्याची गरज नाही, आणि फळी व प्लॅस्टिक यांच्यामध्ये पाणी अडकले तर लाकूड उलट लवकर जाते.

मुंबई-पुण्यात कोणी सीडर आणून वाफे करत नाही. गच्चीवरच्या बागेत येतात त्या मालाच्या खोक्यांच्या आणि पॅलेटच्या फळ्या. त्यांचे लाकूड बहुधा पाइनचे, आणि त्यावर २००२च्या आंतरराष्ट्रीय नियमाचा शिक्का असतो. शिक्क्यावर रोमन लिपीत ‘एचटी’ ही अक्षरे असतील, तर लाकूड नुसते तापवलेले आहे आणि भाजीला चालेल. ‘एमबी’ असतील तर त्याला मिथिल ब्रोमाइडची धुरी दिलेली आहे, ते घेऊ नये. शिक्काच नसेल किंवा फळीवर तेलाचे, रसायनाचे डाग असतील तर भाजीऐवजी झेंडू लावावा. खऱ्या देवदाराची तर आपल्याकडे वेगळीच ओळख: बाळंतिणीला दिल्या जाणाऱ्या देवदार्वादि काढ्यात त्याचे लाकूड उकळून पाजले जाते. त्यावरून काही सिद्ध होते असे मी म्हणत नाही. पण देवदाराच्या पेटीतल्या मिरच्या खायला घाबरणाऱ्याने हा काढा आठवून पाहायला हरकत नाही.

वाफ्याचे आयुष्य संपल्यावर काय होते, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. सीडरची कुजलेली फळी तोडून खतात टाकता येते, चुलीत घालता येते. सीसीएची फळी जाळायची नसते. जाळली की आर्सेनिकचा काही भाग धुरात जातो आणि उरलेला राखेत साठतो. फ्लोरिडातल्या संशोधकांना तर पाडलेल्या बांधकामांचे लाकूड भरडून, लाल रंग देऊन बागेत पसरायला विकल्या जाणाऱ्या आच्छादनात सीसीए सापडले. विकत घेणाऱ्याच्या दृष्टीने तो लाकडाचा साधा चुरा होता. १९७०-८०च्या दशकांत उभारलेले डेक आणि झोपाळे आजही मोडीत निघत आहेत, आणि त्यांचे लाकूड कुठल्या ढिगात मिसळते यावर नजर ठेवणे हे भाजी लावणाऱ्याचे खरे काम आहे.